डिस्चार्ज बुकात मेडलची नोंद नाही? रेकॉर्ड ऑफिसकडून ती कशी करून घ्यायची

जवान १९७१ च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर लढलेला, आणि त्याच्या डिस्चार्ज बुकातलं, म्हणजे सैन्यातून घरी येताना मिळणाऱ्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तकातलं, पदकांचं पान जवळजवळ कोरं. असं पुस्तक सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत पत्र्याच्या ट्रंकेत पडून असतं. ज्याचं ते पुस्तक, त्याने कधी तक्रार केलेली नसते. मुलं-नातवंडं एक दिवस ते उघडतात आणि विचारतात, हे असं कसं? दुरुस्ती होऊ शकते. पन्नास वर्षं उलटली तरी होऊ शकते. पण "वडील लढाईत होते, त्यांना मेडल द्या" एवढ्या अर्जावर ती होत नाही. कोणाचं, कोणतं पदक, कुठल्या काळातल्या कुठल्या सेवेसाठी आणि कोणत्या कागदाच्या आधारे, हे सगळं एका पानात मांडता आलं तरच पुढचं काम सरकतं.

इथे मुख्यतः भूसेनेतले जवान, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि त्यांच्या घरच्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. नौदल आणि हवाई दलाचे पत्ते ओघात येतील.

आधी नेमकं काय चुकलंय ते ठरवा

तीन वेगळ्या गोष्टी लोक एकाच अर्जात कालवतात आणि मग उत्तरही तसंच गोलमाल येतं.

पहिली म्हणजे पदक मिळालंय, घरात आहे, पण डिस्चार्ज बुकात नोंद नाही. ही सगळ्यात सोपी. डिस्चार्जच्या वेळी कारकुनाने मूळ कागदावरून हाताने नोंदी उतरवलेल्या असतात, त्यात एखादी ओळ सुटते. दुसरी म्हणजे नोंद आहे, पण पदक हातात कधी आलंच नाही. तिसरी म्हणजे नोंदही नाही आणि पदकही नाही, पण सेवा बघता ते मिळायला हवं होतं. खरी मेहनत या तिसऱ्या प्रकारात आहे.

तिसरा प्रकार होतो कसा, हे कळलं की पुरावा कुठे शोधायचा तेही कळतं. लढाईचं पदक लढाई संपल्या संपल्या जाहीर होत नाही. १९६५ च्या युद्धाचं समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल १९६७ मध्ये जाहीर झाली. मधल्या काळात जो घरी गेला, त्याच्या डिस्चार्ज बुकात ती असणार कशी? पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा ती पदकंच नव्हती. दुसरं कारण म्हणजे अटॅचमेंट, म्हणजे दुसऱ्या युनिटबरोबर तात्पुरतं जोडलं जाणं. एएससीचा (रसद आणि वाहतूक बघणाऱ्या दलाचा) ड्रायव्हर किंवा ईएमईचा (यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचा) कारागीर एखाद्या इन्फंट्री पलटणीबरोबर पुढे गेला. पलटणीने आपल्या माणसांची यादी पाठवली आणि त्याच्या मूळ युनिटला तो नेमका कुठे होता हे माहीत नाही, असं झालं की तो दोन्ही याद्यांतून सुटतो. जखमी होऊन हॉस्पिटलात गेलेल्यांचं आणि मध्येच बदली झालेल्यांचंही असंच होतं.

पदक हरवलं असेल तर तो विषय वेगळा. त्यासाठी पोलिसांत हरवल्याची नोंद करून दुसरी प्रत मागायची असते. नोंद-दुरुस्तीच्या अर्जात ते घालू नका.

कोणतं पदक देय होतं?

पदकांचे दोन मोठे गट आहेत. शौर्याची किंवा विशिष्ट सेवेची पदकं त्या माणसाच्या नावाने जाहीर होतात. युद्धाची, प्रदेशाची आणि सेवाकाळाची पदकं मात्र अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मिळतात. चुकलेल्या नोंदी बहुतेक या दुसऱ्या गटातल्या.

गोवा मुक्तीच्या कारवाईत असलेल्यांना जनरल सर्व्हिस मेडल १९४७ आणि त्यावर 'गोवा १९६१' असा क्लास्प. क्लास्प म्हणजे फितीवर लावायची धातूची छोटी पट्टी. १९६२ साठी त्याच पदकावर 'लडाख १९६२' किंवा 'नेफा १९६२' (नेफा म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश). पदक आहे पण क्लास्प नाही, हीसुद्धा अपुरी नोंदच, आणि तीही दुरुस्त करून मागता येते. १९६५ साठी प्रत्यक्ष कारवाईत असलेल्यांना समर सेवा स्टार. रक्षा मेडल मात्र ५ ऑगस्ट १९६५ ला सेवेत असलेल्या आणि १८० दिवसांची सेवा झालेल्या सगळ्यांना. १९७१ साठी पूर्व आघाडीला पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार आणि त्याशिवाय संग्राम मेडल, जे आघाडीवर नसलेल्यांनाही मिळालं. म्हणजे जंगी पलटणीबरोबर, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर, जमालपूरला लढलेल्या जवानाच्या पुस्तकात पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल ही दोन्ही दिसायला हवीत. त्याच काळात एखाद्या ट्रेनिंग सेंटरात उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, असलेल्याचं संग्राम मेडल तरी दिसायला हवं.

याशिवाय सैन्य सेवा मेडल (त्यावर हिमालय, नेफा, जम्मू-काश्मीर, मरुस्थल असे क्लास्प), सियाचीन ग्लेशियर मेडल, उंच प्रदेशातल्या सेवेचं हाय अल्टिट्यूड मेडल, परदेशातल्या नेमणुकीचं विदेश सेवा मेडल, आणि ९, २० व ३० वर्षांच्या सेवेची पदकं. दोन पदकं अगदी सहज तपासता येतात, कारण त्यांची अट तारखेची आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असणाऱ्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आणि १५ ऑगस्ट १९९७ ला सेवेत असणाऱ्यांना पन्नासाव्या वर्षाचं. भरतीची आणि डिस्चार्जची तारीख बघा, लगेच कळेल. त्या तारखेला सेवेत असूनही पुस्तकात ते पदक नसेल, तर बाकीच्या नोंदीही धड उतरवलेल्या नाहीत असं खुशाल समजा आणि सगळं पान तपासायला घ्या.

नावांच्या दोन गफलती टाळा. 'ऑपरेशन विजय' दोनदा झालं, १९६१ मध्ये गोव्यात आणि १९९९ मध्ये कारगिलला. ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल ही कारगिलची आहेत. गोव्याच्या जवानाने अर्जात नुसतं "ऑपरेशन विजय मेडल" लिहिलं तर तो अर्ज नाकारला जाणार. तसंच पराक्रम पदक आणि ऑपरेशन पराक्रम मेडल. पहिलं शत्रूच्या कारवाईत जखमी झाल्याबद्दल, दुसरं २००१-०२ मध्ये सीमेवर सैन्य उभं केलं त्या काळातल्या सेवेचं. म्हणून अर्जात पदकाच्या नावापुढे साल आणि ठिकाण लिहाच.

घरातले कागद काय सांगतात

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिकाचं ओळखपत्र हे तर काढालच. पण ट्रंक पूर्ण रिकामी करा. कारण ज्या गोष्टीवर तुमचा दावा उभा राहणार ती म्हणजे "हा माणूस त्या तारखेला त्या ठिकाणी होता", आणि ती कळायला कधी कधी एक पाकीटही पुरतं.

जुनी आंतर्देशीय पत्रं असतील तर पाठवणाऱ्याचा पत्ता बघा. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. '९९ एपीओ' म्हणजे पूर्वेकडचा भाग, '५६ एपीओ' म्हणजे पश्चिम आणि उत्तर. टपालाच्या शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असते. एवढ्यावर रेकॉर्ड ऑफिस पदक देणार नाही हे खरं. पण वडिलांना आता नीट आठवत नसेल, तर कोणत्या साली कोणत्या युनिटचे कागद मागायचे हे त्यातून ठरतं. ग्रुप फोटोखाली पलटणीचं आणि कंपनीचं नाव छापलेलं असतं, तेही उतरवून घ्या. जखमी झाले असतील तर हॉस्पिटलचा डिस्चार्ज आणि मेडिकल बोर्डाचे कागद.

घरात जी पदकं आहेत त्यांची कड भिंगाखाली धरा. सरकारी पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं. कड कोरी असेल तर ते बहुधा परेडला लावायला बाजारातून घेतलेलं नक्कल पदक आहे. अनेक जवानांनी असली पदकं छातीवर लावली, कारण खरी वेळेवर आली नव्हती. कोऱ्या कडेचं पदक पुरावा म्हणून जोडू नका. कोरलेलं असेल तर कडेचा स्वच्छ फोटो जोडा, त्याच्यासारखा पुरावा नाही.

हे सगळं करताना वडील हयात असतील तर त्यांच्याजवळ बसून पोस्टिंगची यादी लिहून काढा. कोणती पलटण, कोणती कंपनी, कमांडिंग ऑफिसर कोण, सुभेदार मेजर कोण, बरोबरचे गाववाले कोण. साल आठवत नसेल तर "थोरलीच्या लग्नाआधी की नंतर" असं विचारा, माणसाला ते पटकन आठवतं. बरोबरच्या जवानाच्या पुस्तकात तीच नोंद असेल तर त्याची झेरॉक्स त्याच्या संमतीने जोडता येते. एकाच कंपनीतल्या दोघांपैकी एकाला पूर्वी स्टार आहे आणि दुसऱ्याला नाही, हे कागदावर दिसलं की रेकॉर्ड ऑफिसला उत्तर द्यावंच लागतं.

अर्ज कुठे जातो

जवानाची मूळ सेवाकागदपत्रं त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला, मेडिकल कोरचं लखनौला. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दला ब्यूरो ऑफ सेलर्स, हवाई दलाच्या जवानांसाठी दिल्लीत सुब्रतो पार्कला एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस. अधिकाऱ्यांचे कागद दिल्लीच्या सेना मुख्यालयात असतात.

इथे एक खाचखळगा आहे. तिसरी मराठा पलटण पुढे दुसरी पॅरा झाली आणि एकविसावी मराठा पुढे एकविसावी पॅरा स्पेशल फोर्सेस. बदलानंतर पॅरात राहून निवृत्त झालेल्याचे कागद बेळगावला नाहीत, बंगळुरूला पॅरा रेकॉर्ड्सकडे असतात. ज्यांनी निवृत्तीनंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये) दुसरी नोकरी केली त्यांच्या त्या सेवेचं रेकॉर्ड केरळात कन्नूरला. त्यामुळे डिस्चार्ज बुकावर ज्या रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का आहे तिथेच पहिला अर्ज करा. "मराठ्यात होते म्हणजे बेळगाव" असं गृहीत धरू नका.

आर्मी नंबरही नीट बघा. मराठा लाइट इन्फंट्रीचे नंबर बहुधा २७ ने सुरू होतात, महारचे ४५ ने. नायब सुभेदार झाल्यावर जेसी नंबर मिळतो. म्हणजे एकाच माणसाचे दोन नंबर. १९७१ ची नोंद जुन्या नंबरावर आणि पेन्शन जेसी नंबरावर असते. अर्जात दोन्ही लिहिले नाहीत तर शोधणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं वाटू शकतात.

अर्ज कसा लिहायचा

एक पान पुरे. रेकॉर्ड ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी चालतं, म्हणून अर्ज त्या भाषेत करा. मजकुराचा गाभा असा असावा:

"मी, आर्मी नंबर अमुक, जेसी नंबर तमुक, हुद्दा आणि नाव अमुक, या तारखेला भरती झालो आणि या तारखेला डिस्चार्ज झालो. डिसेंबर १९७१ मध्ये मी अमुक पलटणीच्या अमुक कंपनीत पूर्व आघाडीवर होतो. माझ्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल यांची नोंद नाही. माझा शीट रोल आणि पार्ट टू ऑर्डर पडताळून, नोंद असल्यास तिची साक्षांकित प्रत द्यावी व डिस्चार्ज बुकात नोंद करावी. नोंद नसल्यास माझी पात्रता तपासून नोंद घ्यावी. पदकं दिली गेली नसल्यास ती मिळावीत. मागणी अमान्य असल्यास कारणासह लेखी कळवावं."

शीट रोल म्हणजे जवानाच्या सेवेचा मूळ नोंदपट. भरती, बढती, बदली, शिक्षा, पदक सगळं त्यावर चढतं. युनिटने एखादी गोष्ट पार्ट टू ऑर्डरमधून प्रसिद्ध केली की रेकॉर्ड ऑफिस ती शीट रोलवर चढवतं. म्हणूनच अर्जात या दोन कागदांची नावं हवीत. ती वाचल्यावर वाचणाऱ्याला नेमकं कोणतं कपाट उघडायचं ते कळतं. शेवटचं "कारणासह लेखी" हे वाक्यही गाळू नका. पुढे दाद मागायची वेळ आली तर नकाराचं पत्र हातात लागतं.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, पीपीओ, आधार, आणि पुराव्याच्या प्रती. मूळ पुस्तक पहिल्याच टपालाने पाठवू नका, आणि "मी करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाच्या हातात तर कधीच देऊ नका. या अर्जाला दमडीचाही खर्च नाही. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा, आणि एक प्रत तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देऊन त्यांचं शिफारसपत्र मागा. तिथला कल्याण संघटक बहुधा स्वतः माजी सैनिकच असतो. रेकॉर्ड ऑफिसची भाषा त्याला कळते, आणि अर्जातली चूक तो पाठवण्याआधीच दाखवतो.

जवान वारले असतील तर पत्नीने अर्ज करावा, त्याही नसतील तर मुलांनी. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडायचा. पत्नीचं नाव रेकॉर्डमध्ये चढलेलं नसेल, तर ते काम आधी करा. ते पेन्शनसाठीही लागतं आणि पदकापेक्षा कितीतरी निकडीचं आहे.

नाव आणि गाव जुळत नसेल तर

आपल्याकडे ही अडचण हमखास येते. भरतीच्या वेळी कोणी 'मारुती रामा' एवढंच सांगितलं, तर तेवढंच लिहिलं गेलं. आधारवर 'मारुती रामचंद्र शिंदे'. इंग्रजीत शिंदेचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. गावाचंही तसंच. १९८१ च्या आधी भरती झालेल्या मालवण-कणकवलीच्या जवानाचा जिल्हा रेकॉर्डमध्ये रत्नागिरीच असणार, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. अर्जावर रेकॉर्डमधलं नाव आणि गाव आधी लिहा, आजचं त्याच्याखाली, आणि दोन्ही एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. नाव कायमचं बदलून घ्यायची मागणी याच अर्जात घातलीत, तर एकाची दोन प्रकरणं होतील आणि दोन्ही रेंगाळतील.

उत्तर आलं नाही, किंवा "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं आलं

दोन-तीन महिने वाट बघून स्मरणपत्र द्या. तरीही शांतताच असेल तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. केंद्र सरकारच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. शीट रोलची, पदकांसंबंधीच्या पार्ट टू ऑर्डरची आणि तुमच्या अर्जावर काय कारवाई झाली त्याची साक्षांकित प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि पुढे ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. लक्षात घ्या, माहितीच्या अधिकारात कागद मिळतो, दुरुस्ती होत नाही. "मला मेडल का दिलं नाही" असा प्रश्न विचारून संधी वाया घालवू नका. हातात आलेला कागद जोडून दुरुस्तीचा अर्ज पुन्हा करायचा.

पेन्शन न मिळालेल्या, म्हणजे कमी सेवेत घरी आलेल्या जवानांची कागदपत्रं नियमानुसार २५ वर्षांनी नष्ट केली जातात. तसं उत्तर आलं की बरेच जण तिथेच थांबतात. थांबू नका. 'लाँग रोल' नावाचं एक रजिस्टर कायम ठेवलं जातं, त्याचा उतारा मागा. त्यात माहिती थोडी असते, पण भरती आणि डिस्चार्जच्या तारखा मिळतात, आणि तारखेवर मिळणाऱ्या पदकांसाठी मुख्य मुद्दा तोच आहे.

नकार आला आणि तो चुकीचा वाटला, तर दिल्लीला सेना मुख्यालयाच्या एजी (अ‍ॅडज्युटंट जनरल) ब्रँचमधल्या सेरेमोनिअल अँड वेल्फेअर संचालनालयाकडे निवेदन करा. त्यानंतरचा मार्ग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे आणि महाराष्ट्र-गोव्याची प्रकरणं तिथे जातात. अंतिम नकारापासून ६ महिन्यांत जायचं असतं, उशीर झाला तर तो माफ करण्याचा अर्ज सोबत द्यावा लागतो. एका सेवापदकासाठी न्यायाधिकरणापर्यंत जावं का? कागदावर पात्रता स्पष्ट असेल तर माझ्या मते जरूर जावं. आठवणीशिवाय हातात काही नसेल तर आधी कागद शोधण्यातच जोर लावावा.

शौर्य पदकाची नोंद चुकली असेल तर

इथे पैशाचाही प्रश्न असतो, म्हणून जास्त बारकाईने बघा. शौर्य पदकं राष्ट्रपतींच्या नावाने भारताच्या राजपत्रात जाहीर होतात. त्या राजपत्राची प्रत हाच निर्विवाद पुरावा, आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावरही नावं शोधता येतात. १ ऑगस्ट २०१७ पासून वीरचक्राला महिना ७,०००, शौर्यचक्राला ६,००० आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,००० रुपये भत्ता आहे. विजेत्यानंतर तो पत्नीला मिळतो. सेना मेडल शौर्यासाठीही मिळतं आणि विशिष्ट सेवेसाठीही, भत्ता मात्र फक्त शौर्याच्या पदकाला. पुस्तकात नुसतं 'सेना मेडल' लिहिलं असेल आणि राजपत्रात 'शौर्य' असेल, तर हा एक शब्द चढवून घ्या. मग भत्ता पीपीओवर आणि स्पर्शच्या (संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीच्या) खात्यात दिसतो का तेही तपासा. महाराष्ट्र सरकारकडून शौर्यपदकधारकांना मिळणारे लाभ जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच येतात, म्हणून दुरुस्त नोंदीची प्रत तिथेही द्या.

"त्यांना वीरचक्र द्यायला हवं होतं" ही मागणी मात्र नोंद-दुरुस्ती नव्हे. त्या वेळी शिफारस होऊन पुरस्कार जाहीर झाला नसेल, तर रेकॉर्ड ऑफिस त्यात काही करू शकत नाही. घरच्यांची भावना मी समजतो, पण ती मागणी या अर्जात घातली की देय असलेलं साधं पदकही अडकतं.

मंजुरी आली की

नोंद चढवायला मूळ डिस्चार्ज बुक मागवलं, तर शक्यतो स्वतः घेऊन जा. बेळगाव, खडकी, नाशिक रोड, अहिल्यानगर एका दिवसात होण्यासारखं आहे. टपालानेच पाठवावं लागलं तर आधी प्रत्येक पान स्कॅन करा. परत आल्यावर नवीन नोंदीखाली सही, शिक्का, तारीख आणि पार्ट टू ऑर्डरचा नंबर आहे ना ते तिथल्या तिथे बघा. पदक आलं की कडेवरचा नंबर आणि नाव डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहा. एखादं अक्षर चुकलेलं असेल तर डबी, पाकीट आणि सोबतचं पत्र तसंच ठेवून लगेच कळवा, म्हणजे पदक बदलून मागताना ते त्यांच्याकडूनच तसं आलं हे दाखवता येईल.